पाच तास दहा मिनिटं

इतवारीत माझं ताडपत्रीचं दुकान आहे.
गिऱ्हाईक विचारतं, बाई, ही हवेत टिकंल ना?
मी गाठ कशी मारायची ते दाखवते,
भाव सांगते चौरस फुटाचा,
आणि बाकीचं गिळते.

अंबाझरीवर शिकलो आम्ही,
कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी, कडक पांढऱ्या गणवेशात.
तिथला वारा एका काठावरून निघतो
आणि मधेच विसरतो कशाला निघालो होतो.
चार मुली, एक होडी, शिडाला तीन ठिगळं.
गल्लीत हसले सगळे:
नागपूरच्या पोरी अन् समुद्रात? काऊन बा?

मग त्या जानेवारीत रत्नागिरी.
सत्तावीस फुटांची उघडी होडी.
सुकाणूवर लीला गजभिये,
पुढच्या शिडाशी नसीम, मधे कल्पना उईके आणि मी,
आणि सोबतीला दाऊदमामा,
ज्यांनी आमच्याकडे एकदा पाहिलं
आणि नंतर फक्त आभाळाकडे.

विजयदुर्ग. अंदाज आठ तासांचा.
मतलई पहाटेच मेली होती.
शीड ओल्या टॉवेलसारखं लोंबत होतं,
दीपस्तंभ जागचा हलत नव्हता, म्हणजे आम्ही.
अकरा वीसला वायव्येकडून
पाण्यावर एक काळी रेघ सरकत आली.
मामा तेवढंच बोलले:
"आता धरा."

काय धरायचं ते सांगितलं नाही.

आधी दोरी तळव्यातून धावली,
मग शीड फुटल्यासारखं भरलं,
मग होडीचा तळ गुणगुणायला लागला.
खरंच सांगते, लाकूड गातं,
पायांतून गुडघ्यांत चढतं, दातांत येतं.
लाट मागून यायची, उचलायची,
आणि आम्ही तिच्या उतारावरून
घसरत सुटायचो, लीला ओरडायची "अजून!"
जणू लाट कोणी वाढपी आहे.

पावस गेलं. पूर्णगड गेला,
नसीमची चप्पल गेली.
लीलाच्या आईनं दिलेली पाटोडी
खाऱ्या पाण्यात भिजून गेली, ती आम्ही तशीच खाल्ली.
डाव्या हाताला किनारा
कोणीतरी भराभर पानं उलटावी तसा.
मला वाटलं आपण नाही, जमीनच पळतेय
आणि तिला कुठंतरी उशीर झालाय.

आंबोळगडाशी वारा पाठीमागे फिरला.
लीलाचं लक्ष एक क्षण सुटलं, एकच,
आणि शिडाची आडवी काठी
ह्या बाजूची त्या बाजूला आली, माझ्या कानावरून.
पडले. कल्पनानं पट्ट्याला धरून आत ओढलं.
मामा हसले, पहिल्यांदाच:
"पोरी, वारा उसना असतो. बघून खर्च करायचा."

साडेचारला किल्ल्याच्या सावलीत
शीड उतरवलं, आणि इतकं शांत झालं
की आम्ही एकमेकींशी कुजबुजत बोललो.
पाच तास दहा मिनिटं.
कोणी टाळी वाजवली नाही. धक्क्यावर एक माणूस
जाळं विणत होता, तो विणतच राहिला.

लीला आता कोराडीत, वीजकेंद्राच्या हिशेबखात्यात.
नसीमचा पत्ता नाही.
कल्पना गडचिरोलीहून कधीमधी फोन करते,
नमस्कार नाही, तब्येत नाही,
थेट विचारते: "वारा किती?"
मी फोन उजव्या कानाला लावते.
डावा त्या दिवसापासून कमी ऐकतो,
पण पंखे बंद असले की रात्री
त्यात लाकूड गुणगुणतं.

काल, सत्तेचाळीस अंशांत,
गच्चीवर नवा माल मोजायला पसरला होता.
चाळीस बाय तीस, पिवळा.
दोन पोरं कोपरे धरून उभी,
आणि कुठूनशी वावटळ उठली,
धूळ, बिलं, मोसंबीची सालं घेऊन.
कापड भरलं. पोरं ओढली गेली दोन पावलं,
किंचाळली, "बाई, सोडू का?"

"धरा," मी म्हटलं.

आणि इतवारी, तिच्या वायरी, कबुतरं,
समोरचं भांड्यांचं दुकान,
सगळी डावीकडून मागे सरकली,
चार बोटं असेल, जास्त नाही.
मग वारा विसरला.
मी खाली येऊन बिल केलं.
घाईत एक शून्य जास्त लागलं,
ते खोडलं.