उद्यमबाग ते मच्छे, आणि परत

किल्ली नाही, बटण आहे.
तरी मी खिसे चाचपत उभा, सवयीनं.

शोरूमची पोरगी, शैलजा मुरगोड, म्हणाली,
क्लच दाबून मग बटण दाबायचं री सर,
आणि मच्छेपर्यंतच. देसूरला न्यायची परवानगी नाही.

मी एसी बंद केला. गाणं बंद केलं. काच खाली घेतली.
ती जरा बावरली.
बाकीची गिऱ्हाइकं म्हणे आधी पडदा बघतात,
छतातली खिडकी बघतात.
म्हटलं, बाई, तेहतीस वर्षं क्रँकशाफ्ट घासतोय,
तुमच्या मागच्याच गल्लीत, पत्र्याच्या शेडमध्ये.
पंधरा मायक्रॉन इकडंतिकडं झालं
की माझा माल परत येतो.
आधी ऐकू दे.

चार सिलिंडर.
सकाळच्या थंडीत एकदा खाकरलं,
मग खर्जात बसलं.
कुठं टिकटिक नाही. घासल्याचा आवाज नाही.
कुणाच्या तरी लेथवर कुणीतरी
जेवणाची सुट्टी विसरून काम केलंय.

दुसऱ्या गिअरला पाय अलगद टेकवला
आणि अडीच टन लोखंड
हाक मारल्यासारखं पुढं झालं.
याच रस्त्यानं मी लुनाच्या पायापाशी
बिडाचे नग रचून जायचो,
चढ आला की उतरून ढकलत.
हे शैलजाला सांगितलं नाही.

पिरनवाडीचे खड्डे खालून गेले,
ओळख न दाखवता.
उंची एवढी, की पुढच्या टेम्पोच्या टपावर
कुणाची चप्पल राहिलीय तेही दिसतं.
वळताना मात्र म्हशीसारखी:
आधी विचार, मग मान.
तिसऱ्या रांगेत कोण बसणार, मला सांगा.
आम्ही दोघं. मुलगा बेंगळुरात.
ॲव्हरेज शैलजा चौदा म्हणते, मी अकरा धरतो.
डिझेलला कागलकडची माणसं
निपाणीपर्यंत येऊन टाकी भरून जातात,
सीमेनं आमच्यावर केलेली मेहेरबानी
ती काय तेवढीच.
आणि आमचा वडगावचा बोळ!
आरसे मिटले तरी दोन्हीकडं दोन-दोन बोटं.
शेजारच्या मागात धोटा याहून सैल जातो.

इंदुमती मागं बसलेली, पर्स मांडीवर,
दुसऱ्याच्या घरी बसावं तशी.
चढताना दांडी धरून दोनदा थांबली होती,
गुडघा.
आता आरशात पाहिलं तर मान कलंडलेली,
गाढ.

मच्छेला उसाचा ट्रॅक्टर आडवा आला.
मी न्यूट्रल केलं, क्लचवरचा पाय काढला,
आणि इंजिन आपोआप बंद.
एकदम सामसूम.
इंदुमती दचकून उठली. काय झालं, काय तुटलं?

शैलजा हसली. काय नाही री आंटी,
डिझेल वाचवतंय. हे फीचर आहे.

मी मागं वळून बघितलं, तिनं माझ्याकडं.
लग्नानंतर चार वर्षं आम्ही शेडमध्येच राहिलो,
लेथ आणि अंथरूण यांच्यात एक गोणपाट.
रात्रपाळीत मशीन चालू असलं की ही झोपायची.
थांबलं की जागी.
बोट गेलं का, म्हणायची, अंधारातूनच.
एकदा गेलंही होतं. अर्धं.

ट्रॅक्टर सरकला. मी क्लच दाबला.
खर्ज परत आला.
पिरनवाडी येईपर्यंत ती पुन्हा झोपली.

शोरूममध्ये फॉर्म कानडीत. मी मराठीत सही केली,
नुसती गाडी चालवल्याची, घेतल्याची नव्हे.
शैलजानं रंगांचा तक्ता पुढं सरकवला.
इंदुमतीनं त्याकडं बघितलंच नाही.
पाय ठेवायची ही पट्टी
आणखी चार बोटं खाली येईल का?

येईल की, मी म्हटलं, मी करतो.
वॉरंटी जाते री सर, शैलजा म्हणाली,
पण तोवर मी उकिडवा बसून
साडेनऊ बोटांनी माप घेत होतो.