चौथी रकात

सज्जावरचा स्पीकर रमजानपासून बंद आहे.
सांगून झालंय. दोनदा. मुनीबाच्या नवऱ्याकरवीही.
लाकडी जाळीतून खाली बघावं तर
दिसतात फक्त टोप्या,
आरागिरणीतून तडक आलेल्यांच्या खांद्यांवर
न झटकलेला भुसा,
आणि एफेंदींची पाठ.

दुपारची नमाज मनातल्या मनात वाचतात,
ऐकण्यासारखं तसं काही नसतंच.
'अल्लाहु अकबर' तेवढं जिना चढून येतं, धापा टाकत,
आणि आम्ही सातजणी त्याच्या भरवशावर
वाकतो, उठतो, कपाळ टेकतो.

देवलेता माझ्या डावीकडे, खुर्चीवर.
गुडघे गेले तेव्हापासून सगळं बसूनच.
मी या गावात नवी सून होते तेव्हा
तिनंच शिकवलं होतं :
बुटांची तोंडं दाराकडे ठेव,
लसूण खाऊन येऊ नकोस,
रांगेत फट नको, खांद्याला खांदा.
आणि इमाम चुकला तर
पुरुष 'सुभानल्लाह' म्हणतील.
आपण बोलायचं नाही. आपण हात.
कसा, ते तिनं नळापाशी दाखवलं, ओल्या हातांनी :
उजव्याची बोटं डाव्याच्या पाठीवर.
मला हसू आलं होतं.
कधी लागणार होतं हे?

चौथी रकात. दुसरा सजदा. आता बसायचं.
एफेंदी उठले.
त्यांच्यामागे सगळ्या टोप्या उठल्या,
भोंगा झाल्यावर गिरणीत उठतात तशा.
मीही अर्धी उठलेच होते, खोटं कशाला बोलू.
खाली चाळीस गळे.
एकातूनही सुभानल्लाह नाही.

चट्.

आलुबुखारांच्या बिया काढून काळी पडलेली बोटं,
आवाज केवढा, तर सुकी काडी मोडावी तेवढा.
एफेंदींची पाठ थबकली.
मग बसली. टोप्याही बसल्या, मागेपुढे.
शेवटी विसरल्याचे दोन सजदे झाले,
जरा लांबलेच, मला वाटलं.

खाली कुणीतरी विचारत होतं,
वर काही पडलं का?
एफेंदी बोलले नाहीत, जिन्याकडे बघत राहिले.
कठडा धरून, एकेक पायरी मोजत
देवलेता उतरत होती.
'टाच अडकते गं, जरा हात दे,' म्हणाली.

मंगळवारी ट्राव्हनिकहून वायरमन आला,
शिडी न घेताच.
आम्ही त्याला देवलेताची खुर्ची दिली.