नावाची जागा

गोराईच्या भेंडीवरून आलेला पतंग.
पंखांवर तपकिरी रेघा, हात हलल्यासारख्या.
फोर्टातल्या आमच्या खोलीत डांबरगोळ्यांचा वास
आणि दुपारभर एकच प्रश्न : हा कोण?

पंखांवर जाऊ नकोस, दिघेबाई म्हणतात,
हे सगळे भाऊ सारखेच दिसतात.
पोट वेगळं करायचं, पोटॅशमध्ये उकळायचं,
भिंगाखाली धरायचं.
पोटातलं ओठावर आणायची ही आमची रीत.

मी लेबलावर लिहिते, मुंगीएवढ्या अक्षरात :
गाव, तारीख, झाड.
नावाची जागा कोरी.

वाडीतली फिलूबाय मात्र
पानाची सुरळी नखानं उलगडत म्हणाली होती,
"बिडीवाली ती.
माझी अर्धी भेंडी ओढून मोकळी झाली."

लेबलावर ते बसत नाही.
मागच्या बाजूला
पेन्सिलीनं लिहून ठेवलंय.