रीसेटनंतरचे दोन सेकंद

बोर्ड माझाच.
अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, पत्र्याच्या शेडखाली
छत्तीस माग, छत्तीस डबे,
आणि प्रत्येक डब्यात माझी तीच एक चूक.

सोळा बिटांचा आकडा:
पासष्ट हजार पाचशे पस्तीस, की पुढे शून्य.
बाकी कुणाला कधी कळलंच नाही.
धागा तुटतो, कांडी संपते, माणूस चहाला जातो,
तेवढ्यात पाळी सरते.
पण राजमोगली चिट्यालचा माग थांबत नाही.
त्या रात्री धोट्याने घातले सत्तर हजार एकशे बारा फेरे
आणि पडद्यावर उरले
चार हजार पाचशे शहात्तर.

मालक हसले. राजमोगली नाही.
"डब्बा खोटं बोलतोय, मॅडम," म्हणाला,
आणि टॉवेलांची चवड हाताने थोपटून दाखवली.

एक ओळ बदलायची होती फक्त.
पण त्या ओळीसाठी चार स्क्रू, आत कापसाचा पिंजर,
स्क्रूड्रायव्हरने उचकटलेली चिप, वाकलेले पाय,
डबीत घालून स्कूटरवरून अशोक चौक, प्रोग्रॅमर, परत.
गुणिले छत्तीस.
एप्रिलचं ऊन.

म्हणून आधी वेगळंच लिहायला बसले.
मेमरीच्या शेवटच्या कोपऱ्यात हजारभर बाइट,
जाबरसारखे:
स्वतः विणत नाही, पण पाळीवर सगळ्यांच्या आधी हजर.
वीज आली की दोन सेकंद कान देतो तारेला,
काही नवं आहे का?
नसेल तर बाजूला होतो, माग चालू.
असेल तर पान पुसतो, पान लिहितो, बेरीज ताडून बघतो,
आणि एक अक्षर परत पाठवतो: पोचलं.
स्वतःचं पान मात्र त्याला पुसता येत नाही,
तेवढं कुलूप मी घातलं.

वेग जुळेना आधी.
एक लाख पंधरा हजारांवर नुसता कचरा.
एकोणीस हजार दोनशेवर उतरले तेव्हा पहिलं शहाणं अक्षर आलं,
पहाटे तीनला, आणि मी घरात एकटीच
"बोल, बोल" म्हणत होते त्याला.

शेवटचं एकदा उघडले सगळे डबे.
झाकणाला भोक, भोकातून तीन तारा.
त्याची बोलायची माझ्या ऐकायच्या पिनेला,
माझी त्याच्या. तिसरी जमीन.

मग नवी ओळ, तारेवरून.
अकराव्या मागाला निम्म्यावर वीज गेली.
शेडमध्ये एकदम इतकी शांतता
की कुणाच्या तरी डब्यातली कडक भाकरी मोडल्याचं ऐकू आलं.
अर्धं पुसलेलं, अर्धं लिहिलेलं,
जुनं राहिलं नाही, नवं झालं नाही.
लॅपटॉपच्या उजेडात राजमोगली माझ्याकडे बघत होता.
मी त्याच्याकडे बघितलं नाही.

चाळीस मिनिटांनी पंखे हलले.
अकरा नंबरचा दिवा लुकलुकला. थांबला. पुन्हा लुकलुकला.
बेरीज जुळत नव्हती, म्हणून त्याने माग सुरू केला नव्हता,
दोन सेकंदांचं बंधनही सोडून
तो नुसता वाट बघत बसला होता.
मी पहिल्या पानापासून पुन्हा पाठवलं.

त्या रात्रीची मजुरी माझ्या बिलातून वळती केली.
मालकांनी "राहू दे" म्हणून बघितलं, मी राहू दिलं नाही.

आता पडद्यावर पासष्ट हजार पाचशे छत्तीस येतात,
सदतीस येतात.
राजमोगलीने मागाच्या लोखंडी बाजूवर
त्या दिवसापासून खडूच्या रेघा ओढायला घेतल्या होत्या,
दर टॉवेलाला एक.
अजून ओढतो.