घर क्रमांक एकशे अठरा

बोर्डा, मडगाव. मालक: कुस्तोदियो रेबेलो.
घरपट्टी थकलेली, वर्षे सहा.
मी नोटीस कडीत खोवते.
मागची तिथेच असते,
अक्षरं पावसाने पिऊन टाकलेली.

गल्लीत सोळा घरं, अकरा कुलपं.
पोदेर इथे भोंगा वाजवीत नाही हल्ली,
नुसता पॅडल मारीत पुढच्या वळणाला जातो.

ब्रसेल्स मी पाहिलेलं नाही.
तिथे कुणीतरी एक कलम लिहिलं असेल:
नागरिकाने हव्या त्या देशात राहावं, राबावं.
चांगलंच आहे कलम. वाईट कसं म्हणू?
लिहिताना खिडकीबाहेर बर्फ असेल,
आणि बोर्ड्याचं हे तुंबलेलं गटार
त्या टेबलावरून दिसत नसेल.

पण कलमाला पाय असतात.
ते लिस्बनला गेलं, जन्मनोंदीच्या खिडकीशी थांबलं,
आणि एका सोमवारी माझ्यासमोर येऊन बसलं
रेबेलोच्या खुर्चीत.
तेव्हा मी नोंदणी कार्यालयात होते.
बापाचा जन्म, सन बावन्न,
पोर्तुगीज वळणाची अक्षरं, कडेला वाळवी.
नक्कल मीच काढली. शिक्का तिरका पडला.
‘तिरका चालतलो मगो?’ त्याने तीनदा विचारलं.

चालला.

मग स्विंडन, गोदाम, रात्रपाळी.
मग इथल्या मतदारयादीत नावावर रेघ.
दोनशे बारा रेघा या एका प्रभागात.
नगरसेवक हिशेबाचा पक्का:
मतं नाहीत तिथे गटाराला झाकण कशाला?

पुढे ते बेटच म्हणे संघातून बाहेर पडलं.
पहाटे तीनला एर्मेलिंदाचा फोन,
‘बाय, घर कुणाला दाखवू नका,
आम्ही येऊ. नाहीतर आयर्लंडला जाऊ.
बिमलीला फळं धरली?’
धरली. पडली. मुंग्यांनी नेली.
मी म्हटलं, धरली.

आज मलेरियावाले आलेत बरणी घेऊन.
बंद घरांच्या विहिरींत अळ्या आहेत,
गप्पी मासे सोडायचे.
‘मालकाची संमती?’ त्यातला नवा पोरगा विचारतो.
कुठल्या देशाच्या कायद्याने घ्यायची, बाबा?

मागच्या फाटकाची चावी प्रेमावती लोटलीकरीणीकडे.
ती चावी देते, बोट मात्र सोडत नाही.
‘माझे सासरे एकोणपन्नासचे.
त्यांचा दाखला निघेल का गो?
पोरगा मागे लागलाय.’

मी विहिरीत वाकते.
बरणी उलटी. वीस मासे,
क्षणभर बरणीच्याच आकारात थांबलेले,
मग पांगले.

फॉर्मात एक रकाना: परवानगी कोणाची?
पोरगा पेन धरून उभा.
‘लिही,’ मी म्हणते, ‘शेजारणीची.’

आणि तिला काय सांगायचं
ते चावी परत देईपर्यंत ठरवायचं आहे.