मध्यरेषा

आमच्या संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर
समुद्र भिंतीला खिळ्यांनी ठोकलेला आहे.
वरच्या कोपऱ्यात ओल आलीय,
त्यामुळे लिम्नोस बेट जरा फुगलंय.
त्याचा परराष्ट्र धोरणाशी संबंध नाही,
असं थ्रासिवुलोस सर म्हणतात
आणि चष्मा कपाळावर सारतात.

माझं काम रेषा काढायचं.
बाकीचे लिहितात : ऊर्जा, स्थलांतर, शेजार,
पूर्व भूमध्यातील बदलती समीकरणं.
मी त्यांच्या वाक्यांना किनारे देते.
सहा मैलांची रेषा सलग,
बारा मैलांची तुटक,
आणि जिच्याबद्दल कुणीच धड बोलत नाही
ती ठिपक्यांची.
ठिपके काढताना श्वास धरावा लागतो.

श्वास धरणं आमच्या घरातच आहे.
बाबा कालिम्नोसचे, स्पंज काढणारे.
त्यांनी हा समुद्र उभा पाहिला,
मी आडवा.
अठरा वाव खालून एकदा घाईने वर आले
आणि डाव्या पायातली जाण तिथेच राहिली.
ज्याने त्यांना बखोटीला धरून होडीत ओढलं
तो समोरच्या किनाऱ्याचा होता.
रात्रभर त्याने पायाला तेल चोळलं.
त्याचं नाव बाबांना येत नाही.
हात आठवतात, म्हणतात,
दोन बोटं अर्धीच होती.

मंगळवारी अहवाल एका शब्दावर अडला.
तणाव लिहायचं, की मतभेद?
पोलिक्सेनी ब्रसेल्सला चार वर्षं राहून आलीय.
म्हणाली, मतभेद लिहा,
मतभेदाला निदान टेबल-खुर्च्या असतात.
काप्सालिस नौदलातून निवृत्त झालेत.
म्हणाले, मी डेकवर होतो एका रात्री,
समोरच्या जहाजावरचा पोरगा सिगारेट पेटवत होता,
काडीच्या उजेडात मला त्याची मिसरूड दिसली.
त्याला काय म्हणता तुम्ही?
कुणी काही म्हणालं नाही.
खालच्या दुकानातून तिळाची कडी आली,
सगळ्यांनी उभ्याउभ्या खाल्ली,
माझ्या नकाशावरच.
शेवटी दोन्ही शब्द ठेवले,
मध्ये एक स्वल्पविराम.

त्या रात्री मी फोनवर विचारलं,
बाबा, खाली कुठे कळतं का हो
आपलं पाणी संपलं म्हणून?
ते बराच वेळ खोकले.
मग म्हणाले, एका जागी पाणी एकदम गार होतं,
जणू कुणी दार उघडलं.
तेवढंच.
पण ती जागा रोज हलते गं,
आणि तू जेवलीस का?

अहवाल गेला. चौसष्ट पानं,
अकरा शिफारशी,
नकाशे तीन.
नवव्या दिवशी मंत्रालयातून पत्र :
नकाशा क्रमांक दोन,
मध्यरेषेच्या किंचित पूर्वेला
जी खडकाळ बेटिका दाखवली आहे,
तिचं अधिकृत नाव, वस्ती असल्यास संख्या,
आणि ऐतिहासिक आधार
तातडीने कळवावा.

थ्रासिवुलोस सरांनी जुने तह काढले.
पोलिक्सेनीने ऑटोमन नोंदवह्या जाणणाऱ्या
एका मैत्रिणीला इझमीरला फोन लावला.
काप्सालिस खिडकीशी गेले,
म्हणाले, त्या भागात मी सतरा वर्षं फिरलो,
आणि पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात
शंका होती.

मी मूळ कागद टेबलावर पसरला,
भिंग घेतलं.
बेटिका फिकट होती, एका बाजूने निमुळती,
तिला स्वतःची सावली होती.
नख लावलं तशी ती उडाली
आणि कुठे गेली दिसली नाही.

सर, मी म्हटलं.
सर दोन तहांच्या मध्ये कुठेतरी होते,
त्यांनी नुसता हात वर केला, थांब म्हणून.

मी थांबले आहे.
कागदावर तिथे
तेलाचा एक डाग उरलाय,
संध्याकाळच्या उन्हात तो आरपार दिसतो,
आणि रेषेच्या दोन्ही बाजूंना
हळूहळू पसरतोय.