कपाट चार, खालचा खण

समिती येणार म्हणून प्राणिशास्त्राच्या बरण्या
खाली उतरवल्यात. कधीचं फॉर्मलिन,
कोऱ्या चहाच्या रंगाचं झालंय.
रुजारमामा म्हणतो, नाकाक रुमाल बांध गो,
आणि स्वतः उघड्या नाकानं
चिमट्यात उचलतो समुद्रसाप,
केळीच्या सोपटासारखा.

माझ्याकडे लेबलं. काळी शाई, बारीक टाक.
अक्षर बरं म्हणून हे काम, हुशार म्हणून नव्हे.
नियम एकच: जुनं लेबल फेकायचं नाही,
नवं लिहून त्याच्यामागं सरकवायचं.

कपाट चार, खालचा खण.
करवत मासा, पिल्लू. हातभर,
बरणीत मावावं म्हणून शेपटी वळवलेली.
लेबलावर प्रिस्टिस मायक्रोडॉन.
ते नाव आता कुणी मानत नाही,
आता तो प्रिस्टिस प्रिस्टिस.
तो मात्र होता तिथंच आहे,
त्याला कुणी कळवलेलं नाही.
ठिकाण: वेंगुर्ला बंदर.
तारीख: अकरा जानेवारी अडुसष्ट.
संग्राहक: प्रा. ग. वि. नाबर.

तारीख मी कधी ऐकली नव्हती. गोष्ट ऐकली होती.
आजोबांच्या, जनू मेतरांच्या जाळ्यात आलेली मादी
सहा जणांनी ओढली वाळूवर.
पोट फाडलं तर आत पाच पिल्लं,
प्रत्येकाच्या करवतीवर कातड्याचं म्यान,
आईला आतून कापू नये म्हणून.
एक पंच्यात गुंडाळून ते चढण चढून कॉलेजात आले:
"मास्तरानू, ह्यां तुमच्या बरणयेक व्हयां काय?"
मिळाला एक कप चहा, बशीसकट.
आजोबा त्या बशीचंच जास्त सांगायचे.

मादीची करवत आमच्या माळ्यावर आहे, गोणपाटात.
डावीकडे एकोणीस दात, उजवीकडे वीस.
दात किती, हे जन्मताच ठरतं,
पुढं वाढते ती नुसती लांबी.
हे मला तिसऱ्या सत्रात कळलं.
काचेला नाक लावून पिल्लाचे मोजले,
म्यानाखाली उठलेले, मेथीच्या दाण्यांसारखे.
एकोणीस. वीस.
पुन्हा मोजले.
उजवीकडे वीसच.

यावरून काही सिद्ध होत नाही.
आईचा आकडा लेकराला यायलाच हवा असं नाही,
आणि नमुने दोन. पेडणेकर सर हेच म्हणतील,
बरोबरच म्हणतील.
शिवाय हा मासा कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात.
करवत घरात आहे असं कुठं लिहिलं
तर संदर्भसूची पुरी व्हायच्या आत
वनखात्याचा माणूस दारात.
माझ्याजवळचा एकुलता पुरावा हाच गुन्हा.

टाक बुडवला.
नाव, ठिकाण, तारीख. संग्राहक: नाबर, होतं तसंच.
खाली अर्धी ओळ उरली.
तिथं लिहिलं: जाळं जनू मेतर यांचं.
रुजारमामानं वाचलं, झाकण आवळलं,
कडेनं मेण फिरवलं.
"कोण इचारतलो?" एवढंच म्हणाला.

कुणी नाही विचारलं. समितीनं
आग विझवायच्या नळकांड्यावरची तारीख तपासली,
नोंदवहीत सह्या केल्या, आंबापोळी घेतली.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मी बंदरावर.
होड्या रिकाम्या होतात, मी मोजत जाते:
पाकट, मुशी, पुन्हा पाकट,
एक फुगलेला केंड, कुणीतरी लाथेनं उडवलेला.
सर म्हणाले होते, तो करवतीचा रकाना काढ आता,
दोन वर्षं झाली, उगाच कागद जातो.
पट्टी ओली होती, रेघ जरा वाकडी आली.
रकाना आखला. त्यात शून्य लिहिलं,
पेन्सिलीनं.
इथं खाऱ्या हातांपुढं बॉलपेन टिकत नाही.